बंगलोरची वरात

पांढुर्ण्यात हेमराजच्या कृषी केंद्रात कोणी औषधाची बाटली घ्यायला आलं आणि बाकड्यावर दोन मिनिटं टेकलं, की बंगलोर निघालंच समजा. बोलणं कपाशीवरच्या अळीवरून सुरू झालेलं असो की संत्र्याच्या गळतीवरून, हेमराज त्याला वळसे देत देत विमानात बसवायचा आणि बंगलोरला नेऊन उतरवायचा.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. एका बियाणं कंपनीनं पांढुर्णा-सौसरकडच्या दुकानदारांना सहलीला नेलं होतं. शेवटच्या दिवशी बागा दाखवून झाल्या, राजवाडा दाखवून झाला, आणि संध्याकाळी कंपनीच्या गाईडनं सांगितलं की आज पब क्रॉल आहे.

"म्हंजे काय," हेमराज समजावायचा, "एका जागी बसून प्यायची नाई. एका पबातून निघाचं, दुसऱ्यात शिराचं, मंग तिसऱ्यात. अन् त्याले थीम लागते. आमची थीम होती लग्न. पहिल्या पबात हळद, दुसऱ्यात वरात, तिसऱ्यात लग्न, चौथ्यात बिदाई."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याची आई लीलाबाई जपमाळ थांबवून म्हणाली होती, "या देवीची ओटी भरून त्या देवीले जातो, तसं का रे?"

"हाव माय, तसंच."

"मंग उपाशी पोटी जा लागते."

"उपाशीच होतो. मी तं जलजिराच घेतला."

ऐकणारा हसला की हेमराज शर्टाची कॉलर सारखी करायचा. कारण आता ऐकणारा विचारणार असायचा, नवरदेव कोण होता?

"नवरदेव म्हंजे आपनच."

"अन् नवरी?"

"सौसरच्या वैशालीबाई. त्यांचंबी कृषी केंद्रच आहे, नवरा वारल्यावर त्याच चालवतात. बाईमाणूस तेवढं एकच होतं न आमच्यात."

दुकानाच्या मागेच घर. मधे एक पडदा. पडद्यापलीकडे त्याची बायको अर्चना मेथी निवडत असायची, नाही तर गॅसवर काही ढवळत असायची, आणि ही वरात दर दोन-चार दिवसांनी तिच्या कानावरून जायची.

पहिल्या दिवशी ती सुद्धा हसली होती. हळद म्हणून चेहऱ्याला मोहरीची चटणी लावली, वरातीत इंग्रजी गाण्यावर सगळे दुकानदार नागीण नाचले, इथपर्यंत ती पोट धरून हसली. मग हेमराज म्हणाला की तिसऱ्या पबात पुंडलिकरावानं मंगलाष्टकं म्हटली. पुंडलिकराव म्हणजे मोहगावचे दुकानदार. पंचक्रोशीत कोणाचंही लग्न असो, बोलावलेलं असो-नसो, माइक हातात आला की सोडत नाहीत. त्यांना थीम वगैरे काही कळलं नाही. समोर नवरा-नवरी दिसले, त्यांनी घसा खाकरला आणि एकही कडवं न गाळता सगळी मंगलाष्टकं म्हटली. पबातला धांगडधिंगा बंद झाला. टोपीवाले पोट्टे, तोकड्या कपड्यातल्या पोरी, सगळे हात जोडून उभे राहिले. आणि शेवटी सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

"अक्षता कुठल्या पबात?" अर्चनानं विचारलं होतं.

"पॉपकॉर्न होते."

तिथं तिचं हसू थांबलं ते थांबलंच.

त्याचं कारण तिचं स्वतःचं लग्न. अर्चना आणि हेमराज यांचं लग्न समाजाच्या सामूहिक सोहळ्यात लागलं होतं. मैदानावर एका बाजूला नवरदेवांची रांग, एका बाजूला नवऱ्यांची, आणि मधे कापडाच्या ताग्यासारखा एकच लांबच लांब अंतरपाट. मंगलाष्टकं मंचावरून भोंग्यातून आली, ती निम्मी वाऱ्यानं नेली. मधेच कोणाची तरी चप्पल हरवल्याची सूचना झाली. अक्षता कोणी कोणावर टाकल्या ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. आणि जेवणं व्हायच्या आत समितीचा एक माणूस पिशवी घेऊन आला आणि सगळ्यांच्या मुंडावळ्या परत गोळा करून घेऊन गेला, पुढच्या गावच्या सोहळ्याला लागतात म्हणून. अर्चनाच्या केसात अडकलेला मोती त्यानं ओढून काढला होता.

याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. सगळ्यांचीच लग्नं तशी होत होती. बापाचा जीव मोकळा झाला, हे काय कमी? पण आता तिला कळलं की तिच्या नवऱ्याचं एक दुसरं लग्न झालं आहे. त्यात अंतरपाट दोघांपुरता होता, मंगलाष्टकं पूर्ण होती, अख्खा पब उभा होता. आणि समोर ती नव्हती.

त्या आठवड्यात तिनं हेमराजला विचारून विचारून पिठासारखं दळलं. साडी कोणती होती? साडी नाही, पंजाबी ड्रेस होता, वर ओढणी. कोणत्या रंगाची? मुंडावळ्या कोणी बांधल्या? तिनं नाव घेतलं का? तुमी घेतलं का? हेमराज प्रत्येक प्रश्नाला तिखटमीठ लावून उत्तर द्यायचा. काल ओढणी गुलाबी असायची, आज तिला जरीचा काठ यायचा.

"खेळ होता वं तो," तो म्हणायचा. पण म्हणताना चेहरा असा, की खेळ नव्हता असं तुला वाटत असेल तर माझी काही हरकत नाही.

मग अर्चनाच्या चहातलं अद्रक बंद झालं. भाजीत कारलं वाढलं. विळीवर दुधी भोपळा कापताना ती पुटपुटायची, "या वैशालीबाई, बसा." लीलाबाई ऐकायची आणि म्हणायची, "आज कोनाले शिजवून राहिली वं?" फोनवर वैशालीबाईचा नंबर अर्चनानं शोधून ठेवला होता. फोटोच्या जागी सूर्यफुलाचं शेत होतं. अर्चना ते दोन बोटांनी मोठं करून पाहायची. एवढ्या मोठ्या शेतात बाई कुठंतरी उभी असेलच.

अशी दोन वर्षं गेली. या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि आठ-दहा दिवसांत पुंडलिकरावांच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली. लग्न सौसरला, मंगल कार्यालयात.

"तू काहून येते?" हेमराज म्हणाला. "माय एकटी राहीन घरी."

"मायले सोबत शेजारच्या शकुबाई येऊन बसतात. मी विचारलं."

"उन्हात गाडीवर त्रास होईन."

"होऊ द्या."

तिनं जांभळी साडी काढली. दोन वर्षांपासून ती साडी कशासाठी ठेवली आहे, हे तिला त्या दिवशी नेसताना कळलं. रस्ताभर हेमराज गाडी चालवत गप्प होता. एरवी तो ओळखीच्या प्रत्येक बगीच्याचं फवारणीचं वेळापत्रक सांगत जातो. याला कोणती धास्ती आहे ते अर्चना मागे बसून पाठीवरून वाचायचा प्रयत्न करत होती, आणि पाठ तिला काही सांगत नव्हती.

मांडवात शिरल्यावर पाचच मिनिटांत वैशालीबाई दिसल्या. कोणी सांगायची गरज पडली नाही, कारण त्या दिसताच हेमराज खुर्ची शोधायला लागला.

अर्चनाला वाटलं होतं तशी ती बाई नव्हती. तशी असती तर बरं झालं असतं. वाटलं होतं लिपस्टिक, पाठ उघडी, खळखळून हसणं. ही उंच, सडपातळ, सुती साडीतली, चष्मा डोक्यावर ढकललेला. फोनवर कोणाला तरी युरियाच्या गाडीवरून झापत होती. फोन ठेवला तशी सरळ यांच्याकडे आली आणि अगदी मोकळेपणानं म्हणाली, "काय हेमराजभाऊ! पाठ काय म्हणते?"

हेमराज म्हणाला, "बरी आहे."

"बरी आहे न? मले लय दिवस वाईट वाटत होतं."

एवढ्यात कोणी तरी हाक मारली आणि त्या गेल्या.

बंगलोरहून आल्यावर हेमराज पंधरा दिवस वाकून चालत होता. विमानाची सीट बारीक होती म्हणाला. अर्चनानं त्याच्या पाठीला मिठाची पुरचुंडी गरम करून शेकली होती, रोज. ते दुखणं आपलं आहे, घरातलं आहे, असं ती समजत होती. आणि सौसरच्या बाईला त्याच्या पाठीबद्दल वाईट वाटत होतं. लय दिवस.

"त्यांले तुमची पाठ काय माहीत?" तिनं विचारलं.

"लग्न लागून राहिलं, तिकडे पाह्य," हेमराज म्हणाला.

लग्न खरंच लागत होतं. पुंडलिकरावांनी माइक घेतला. अर्चनानं तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. गोड नव्हता, जाडाभरडा होता, पण शब्द न् शब्द कानात येत होता, आणि प्रत्येक 'सावधान'ला मांडव एका श्वासानं थांबत होता. हाच आवाज तिथं होता. अर्चनानं अक्षता मुठीत घट्ट धरल्या आणि नवरीकडे न पाहता आधी हेमराजकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटाकडे पाहत होता. मग तिनं वैशालीबाईंकडे पाहिलं. त्या ओठ दाबून हसत होत्या आणि हसता हसता पदराच्या टोकानं डोळे टिपत होत्या.

एक खाली पाहतो, एक डोळे पुसते. आता अजून काय पुरावा पाहिजे?

अर्चनाच्या अक्षता नवरीपर्यंत पोचल्याच नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका टकलावर पडल्या.

जेवताना तिनं शेवटचा घाव घातला. टेबलाशी चार अनोळखी पाहुणे होते, शेजारून वैशालीबाई ताट घेऊन जात होत्या. अर्चना मोठ्यानं म्हणाली, "अवो, यांले थे बंगलोरचं सांगा न."

"जेव न आता," हेमराज म्हणाला.

"रोज तं सांगता. आज काहून नाई?"

"कोनतं बंगलोर?" एक पाहुणा कौतुकानं पुढे सरकला.

हेमराजनं तोंडात अख्खी जिलेबी घातली, हातानंच 'थांबा' अशी खूण केली आणि मठ्ठा आणायला म्हणून उठून गेला. मठ्ठा टेबलावरच होता.

जो माणूस युरिया घ्यायला आलेल्या अनोळखी गड्याला सांगतो, तो त्या बाईच्या समोर सांगत नाही. याचा एकच अर्थ होत होता. अर्चनानं ताट तसंच सोडलं आणि उठली.

वैशालीबाई कार्यालयाच्या मागे पाण्याच्या ड्रमजवळ हात धूत होत्या. अर्चनानं काय काय बोलायचं ते रस्ताभर घोळवलं होतं. बाई, तुमाले नवरा नाई म्हणून दुसऱ्याचा... असं काहीतरी सुरुवातीला होतं. पण समोर उभं राहिल्यावर तोंडातून भलतंच निघालं.

"ताई, त्या दिवशी अंतरपाट कशाचा धरला होता?"

वैशालीबाईंचा चेहरा उजळला. "बंगलोरले? टेबलावरची चादर! म्यानेजर बोंबलून राहिला होता, सॉसचे डाग पडतीन म्हणून."

"अन् थो खाली आला तेव्हा?"

"तेव्हा काय, समोर विजय. लोधीखेड्याचा विजय नाई का? त्याचा फेटा घसरून नाकावर आलेला. मले हसू आवरेना, अन् इकडे पुंडलिककाका सावधान म्हणून राहिले."

"विजय?"

"नवरदेव थोच होता न. चिठ्ठी त्याची निघाली."

अर्चना पुढे सरकली. "अन् आमच्या घरचे?"

"भाऊ? भाऊ तं घोडा होते."

"घोड्यावर?"

"घोड्यावर नाई वहिनी, घोडा! कापडाचा घोडा असते न, दोघं आत शिरतात. समोरचे पाय मोहगावचे वीरेंद्रभाऊ, अन् मागचे पाय आपले भाऊ. उंचीनं लहान म्हणून त्यांले मागं घातलं." वैशालीबाईंना आता हसणं सोसवत नव्हतं. "अन् त्या घोड्याची चेन अडकली. चारही पब वाकूनच फिरले बिचारे. लग्न लागलं तेव्हाबी आतच. त्यांनी काही पाहिलंच नाई. मीच शेपटीजवळून स्ट्रॉ घातला अन् जलजिरा पाजला. तुमाले सांगतलं नाई का त्यांनी?"

"सांगतलं होतं," अर्चना म्हणाली. "थोडं वेगळं सांगतलं."

तिला हसू येत होतं, पण ते वर येईपर्यंत वैशालीबाईंचं हसू ओसरलं होतं. त्या रुमालानं एक एक बोट पुसत होत्या.

"खरं सांगू वहिनी? खेळच होता. पण आमचे हे गेल्यापासून कपाळाले कोनी काही बांधलं नव्हतं. खोलीवर गेली अन् त्या मुंडावळ्या सोडाले हातच उठेना. तशीच झोपली. अजून आहेत माझ्याजवळ, बियाण्याच्या कपाटात. पोरगी म्हणते फेक."

"फेकू नका," अर्चना म्हणाली.

ती हे मनापासून म्हणाली. या बाईबद्दल आता राग धरायला जागा नव्हती. तरी हिच्या कपाटात मुंडावळ्या होत्या. अर्चनाच्या कोण जाणे कोणकोणत्या गावच्या कपाळांवरून फिरत गेल्या. दया आणि जळफळाट एकाच चुलीवर ठेवता येतात, हे तिला माहीत नव्हतं.

दोघी मग थोडा वेळ युरियाबद्दल बोलल्या.

परत निघाले तेव्हा उन्हं कलली होती. मोटरसायकलवर हेमराजच्या मागे बसून अर्चना त्याच्या त्या पाठीकडे पाहत राहिली, जी घोड्याची मागची बाजू म्हणून बंगलोरभर फिरली होती. तिला एकदम हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं.

मग ती विचार करू लागली. याला खोटं सांगायची गरज काय होती? पहिल्या दिवशी गंमत म्हणून सांगितलं असेल. घरी आल्यावर कोण सांगणार, मी मागचे पाय होतो? पण नंतर? नंतर तिनंच प्रश्न विचारले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला कधी इतकं विचारलं नव्हतं. जेवता का, येता का, गॅस संपला, एवढंच. आणि अचानक बायको मागे लागली होती: ओढणी कोणती, नाव घेतलं का, डोळ्यात पाहिलं का? मग त्या माणसाला ती गोष्ट सोडवली नसेल. आपल्या जळण्यावर हा दोन वर्षं मजेत हात शेकत बसला होता.

सांगावं का याला, की कळलं मला? चुलीशी बसून एकदा नुसतं खिंकाळावं. पुढची गोष्ट कायमची बंद होईल. पण त्यानं तिचा हिशेब चुकता होत नव्हता. त्याला पक्कं कळलं होतं की अर्चना त्याच्यासाठी जळते. अर्चनाला काय कळलं होतं? तो कधी जळला होता? बांगडीवाल्यानं तिचा हात अर्धा तास धरून ठेवला, तरी हा बाजूला उभा राहून त्याला सोयाबीनचा भाव विचारत होता.

रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते, बाया गवतावर बसून फळं निवडत होत्या. तिथं गाडीचा वेग कमी झाला.

"तुमाले एक सांगाचं राहिलं," अर्चना त्याच्या कानाशी म्हणाली.

"काय?"

"आपल्या लग्नात अंतरपाट खाली आला न, तेव्हा माझ्यासमोर तुमी नव्हते."

"मंग कोन होतं?"

"दुसरा एक नवरदेव. तुमची रांग एका माणसानं सरकली होती वाटते. मी हार उचललाबी होता."

यातलं काही घडलं नव्हतं. अंतरपाट खाली आला तेव्हा समोर हेमराजच होता; घामानं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, भेदरलेला, आणि त्या एवढ्या गर्दीत ओळखीचा एक चेहरा दिसला म्हणून तिला इतकं हायसं वाटलं होतं की घाईत हार त्याच्या एका कानावरच अडकवला होता. पण ते तिनं त्याला आजवर सांगितलं नव्हतं, आणि आज तर नक्कीच सांगणार नव्हती.

"मंग?" हेमराज म्हणाला.

"मंग काय, कोनीतरी ओरडलं, रांग सरकवा. मंग तुमी आले."

एक ट्रक हॉर्न देऊन पुढे गेला.

"उंच होता?"

"होता थोडा."

"काही बोलला?"

"तोंडानं नाई बोलला."

"म्हंजे?"

"गाडी नीट चालवा."

हेमराजनं गाडी नीट चालवली नाही. बाजूला घेतली, एका कडुलिंबाखाली उभी केली आणि खाली उतरून तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अर्चनानं त्या अशा कधी पाहिल्या नव्हत्या.

"कोनत्या गावचा होता?" तो म्हणाला. "आता कुठं असते थो?"

अर्चनानं पदर सारखा केला. घाई नव्हती.

"आज मांडवात होता," ती म्हणाली.

हेमराज वळून सौसरच्या दिशेनं पाहायला लागला, जसं काही इतक्या दुरून मांडव दिसणारच होता. एक एक पाहुणा त्याच्या डोळ्यांपुढून जाताना तिला दिसत होता.

"निळ्या शर्टाचा तं नाई? थो, पुंडलिकरावाच्या बाजूले उभा होता थो?"

"निळा होता का शर्ट?" अर्चना म्हणाली. "मी तं तोंडच पाहून राहिली होती."